परदादांच्या हातातली रायफल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या दादीच्या ट्रंकेत एक चांदीचे पदक होते. ईदच्या आधी ट्रंक साफ व्हायची तेव्हा ते बाहेर निघायचे आणि आम्हा पोरांना घटकाभर हातात घ्यायला मिळायचे. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया. दुसऱ्या बाजूला चाललेली फौज, तिच्यात पाठीवर तोफ घेतलेला हत्ती, वर अफगाणिस्तानचे नाव आणि खाली १८७८-७९-८० ही साले, सगळे इंग्रजीत. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरे कोरलेली. त्यातले माणसाचे नाव जवळजवळ झिजून गेलेले. पण मुंबई फौजेच्या पहिल्या पलटणीचे, म्हणजे ग्रेनेडियर्सचे, नाव वाचता यायचे. हे माझ्या परदादांचे पदक. ते मैवंदच्या लढाईत होते, जखमी होऊन जिवंत परत आले आणि त्यांच्या हातात मार्टिनी रायफल होती, असे आमच्या घरात तीन पिढ्या सांगितले गेले. कोकणातल्या आमच्या गावी दुसऱ्या कुणाच्या घरी असे पदक नव्हते, त्यामुळे या गोष्टीला कुणी उलट प्रश्नही विचारला नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला इतिहास होता एवढेच. बंदुकीशी माझा संबंध शब्दापुरता. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला, ‘सिलाह’ म्हणजे हत्यार हाही अरबी. त्याच ‘सिलाह’पासून आपला ‘शिलेदार’ झाला आणि शस्त्रागाराला म्हणायचा ‘शिलेखाना’ हा शब्दही. या शेवटच्या शब्दाची गाठ पुढे फार अनपेक्षित ठिकाणी पडली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा भाचा अमेरिकेत असतो, टेनेसी राज्यात. संगणकाचे काम करतो. दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री त्याने माझ्या मोबाईलवर लागोपाठ चौदा फोटो पाठवले. सगळे बंदुकांचे. खाली लिहिले होते, ‘मामू, परदादांची मार्टिनी मिळाली. तीन आहेत. कोणती घेऊ?’ माझ्या पत्नीने ते फोटो पाहिले आणि म्हणाली, आधी ते पुसून टाका, आपले नाव काय, दिवस कसले आहेत आणि तुमच्या मोबाईलमध्ये हे काय! तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मी फोटो पुसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन आमच्या मोहल्ल्यातल्या हवालदारसाहेबांकडे गेलो. ते फौजेत आर्मोरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारे दुरुस्त करणारे. तीस वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही. त्यांनी चष्मा लावला, पहिला फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, ‘लाकूड आणि नळी बघू नका. उजव्या अंगावर काय लिहिलंय ते बघा. बंदूक बोलत नाही, तिच्यावरचे ठसे बोलतात.’

म्हणजे पुन्हा अक्षरेच वाचायची होती. एवढे मला जमण्यासारखे होते.

आधी मार्टिनी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पूर्ण नाव मार्टिनी-हेन्री. खटक्याची यंत्ररचना स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश फॉन मार्टिनी यांची, नळीच्या आतले आटे एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांचे. ब्रिटिश फौजेने ती १८७१ मध्ये स्वीकारली. मुठीखाली एक लांबट दांडी असते. ती खाली ओढली की वरचा ठोकळा खाली झुकतो, नळीचे तोंड उघडते, त्यात एक काडतूस सरकवायचे, दांडी वर घ्यायची, की बंदूक उडवायला तयार. बाहेर घोडा दिसत नाही. एका वेळी एकच काडतूस, पण त्यातली शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची. झुलू युद्धात, अफगाण युद्धात, सुदानात गोऱ्या शिपायाच्या हातात हीच असायची. तिचे चार प्रकार झाले आणि त्यांना इंग्रजीत ‘मार्क’ म्हणतात: पहिला १८७१ चा, दुसरा १८७७ चा, तिसरा १८७९ चा, चौथा १८८८ चा. चौथ्याची दांडी आधीच्यांपेक्षा लांब. तो बाहेर पडतो न पडतो तोच पेटीतून पाच-पाच, आठ-आठ गोळ्या घेणाऱ्या रायफली आल्या आणि मार्टिनीचे दिवस भरले.

खऱ्या सरकारी मार्टिनीच्या उजव्या अंगावर ठसे एका ठरलेल्या क्रमाने असतात. वर मुकुट. त्याखाली ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, राणी व्हिक्टोरिया. मग कारखान्याचे नाव. सरकारी कारखाना लंडनजवळच्या एन्फील्डचा. पण बर्मिंगहॅमच्या आणि लंडनच्या खासगी कंपन्यांनीही ठेक्यावर बनवल्या, त्यांची आद्याक्षरे असतात. मग साल, मग मार्कचा रोमन आकडा. शिवाय बाणाच्या फाळासारखी एक छोटी खूण. ती सरकारी मालमत्तेची. सरकारने माल विकून टाकला की दोन बाण टोकाला टोक लावून उमटवायचे. बाणाखाली ‘आय’ हे अक्षर असले तर माल हिंदुस्थान सरकारच्या खात्यातला.

आता भाच्याच्या तीन बंदुका.

पहिली सगळ्यांत महाग. विकणाऱ्याने तिला चिठ्ठी लावली होती की ही मैवंदच्या रणांगणावरून अफगाणांनी उचललेली रायफल आहे. भाचा तिच्यावर लुब्ध झाला होता आणि का होऊ नये? गोष्ट अगदी जमण्यासारखी होती. मैवंदला गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीचे अडीचशेहून अधिक शिपाई पडले. त्यांच्या मार्टिनी अफगाणांच्या हाती गेल्या असणार यात शंका नाही. पुढे २००१ नंतर अमेरिकन फौज अफगाणिस्तानात गेली, आणि तिथल्या बाजारांत जुन्या बंदुका विकत घेऊन शेकडो सैनिकांनी त्या घरी नेल्या. ही त्यांतलीच एक.

हवालदारसाहेबांनी फोटो मोठा केला आणि हसायला लागले. मुकुट होता, पण फुलकोबीसारखा. ‘व्ही. आर.’ होते. ‘एन्फील्ड’ होते, पण त्यातल्या ‘एन’ची तिरकी रेघ उलट्या बाजूने ओढलेली. आणि साल १९०८. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. १९०८ साली गादीवर तिचा मुलगा सातवा एडवर्ड होता, ठशात ‘ई. आर.’ हवे होते. आणि त्या साली एन्फील्डमध्ये मार्टिनी-हेन्री कोण कशाला बनवील?

ही बंदूक सरहद्द प्रांतातली. पेशावरहून कोहाटला जाताना वाटेत दर्रा आदमखेल नावाचे गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे घरोघरी बंदुका बनतात. समोर एक खरी ठेवायची आणि कानशीने घासून घासून दुसरी तशीच काढायची, ठशांसकट. कारागिराला इंग्रजी येत नसे. त्याच्या दृष्टीने ती अक्षरे नव्हती, नक्षी होती. नक्षीत ‘एन’ इकडून काय नि तिकडून काय! म्हणून अक्षरे उलटी पडतात, सालांचा मेळ बसत नाही, दोन्ही अंगांचे ठसे वेगवेगळ्या बंदुकांवरून उचललेले असतात. अशा बंदुकांचे पोलाद भरवशाचे नसते, त्या उडवू नयेत असे सगळेच जाणकार सांगतात. गंमत अशी की या नकलांचाही आता शौक करणारे लोक आहेत. कारागिरी म्हणून त्यांना किंमत येते, आणि ती यावी असे मला वाटते. पण ती नकलेची किंमत. मैवंदची चिठ्ठी लावून मागितलेली किंमत ही चिठ्ठीची किंमत होती, आणि भाचा ती मोजायला निघाला होता.

दुसरी अस्सल निघाली. मुकुट नीट, अक्षरे नीट, एन्फील्ड, १८८७, मार्क चार. लांब दांडीही बरोबर. इथे मी हुशारी दाखवली. मी म्हणालो, हवालदारसाहेब, चौथा प्रकार १८८८ चा आणि ठसा १८८७ चा, म्हणजे हीसुद्धा नकलीच ना? त्यांनी मान हलवली. मग त्यांनी सांगितले आणि पुढे मी ते वाचूनही पाहिले. १८८६-८७ मध्ये एन्फील्डने लहान नळीची एक नवी मार्टिनी बनवायला घेतली होती, ४०२ बोअरची. हजारो तयार झाल्या. तेवढ्यात ३०३ बोअरची, पेटीत गोळ्या भरायची रायफल येणार असे ठरले. एकाच फौजेत तीन तऱ्हेची काडतुसे कोण पुरवणार? म्हणून त्या नव्या मार्टिनी वाटल्याच नाहीत. त्यांना जुन्या ४५० बोअरच्या नळ्या बसवल्या आणि त्यांचाच चौथा प्रकार झाला. मधला खोका १८८७ चा, बंदूक त्यानंतरची. तेव्हा ठशातले साल हे त्या तुकड्याचे साल असते, अख्ख्या बंदुकीचे असेलच असे नाही. जुन्या घराच्या चौकटीवर साल कोरलेले असते, पण चौकट आधीच्या घराची असू शकते. तसेच हे.

ही दुसरी आणि तिसरी, दोन्ही नेपाळहून आलेल्या. आणि इथे माझा ‘शिलेखाना’ भेटला. काठमांडूत लगन सिलेखाना नावाचा जुना राजवाडा आहे. राणांच्या काळापासून नेपाळच्या फौजेची निकामी झालेली हत्यारे तिथे साठवून ठेवली होती. कुणी मोडीत काढली नाहीत, कुणी विकली नाहीत. छपरे गळत राहिली, मातीचे थर चढत राहिले. २००३ मध्ये दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी तो सगळा साठा विकत घेतला. नग पन्नास हजारांच्या वर. ठासणीच्या बंदुका, स्नायडर, मार्टिनी, छोट्या तोफा, खुकऱ्यांचे ढीग. तोवर मार्टिनीचा चौथा प्रकार बाजारात क्वचित दिसायचा. या साठ्यानंतर तो काही शे डॉलरांत कुणालाही मिळू लागला. जुन्या वस्तूचा भाव असा असतो. एक बंद दार उघडले की दुर्मीळ गोष्ट साधी होते, आणि आदल्या वर्षी ज्याने घेतली तो कपाळाला हात लावतो.

तिसरी बंदूक विकणाऱ्यालाही ओळखता आली नव्हती. चिठ्ठीवर नुसते मार्टिनी, आणि संस्कृत लेख असे लिहिले होते. भाच्याने तिचा एकच फोटो पाठवला होता, आणि खाली, ‘ही नको. ही १९४७ ची आहे.’

मी फोटो पाहिला. उजव्या अंगाला काही नाही. ना मुकुट, ना राणी. डाव्या अंगाला देवनागरी! आकड्यांचे वळण आपल्यापेक्षा जरा निराळे, पण वाचता येण्यासारखे: १९४७. भाचा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, त्याने ते बरोबर वाचले होते आणि वाचून घाबरला होता. त्याचे घाबरणे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेचा १९६८ चा कायदा १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकीला पुराणवस्तू मानतो. तिला केंद्र सरकारच्या कायद्याने आधुनिक बंदुकीचे कागदपत्र लागत नाहीत. त्यानंतरची असेल तर ती सरळ बंदूकच. तेव्हा १८९० आणि १९४७ यांत नुसता सत्तावन्न वर्षांचा फरक नाही, कायद्याचा आणि भावाचाही आहे.

आणि फरक नेमका सत्तावन्नच वर्षांचा होता. नेपाळात विक्रम संवत चालतो. १९४७ म्हणजे इसवी सन १८९०-९१. आपल्या पंचांगात शके १८१२. आमच्या दादीने हिजरीत सांगितले असते, १३०७ किंवा १३०८. तीन दिनदर्शिका भिंतीला टांगलेल्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे एका मिनिटात सुचले. टेनेसीतल्या विकणाऱ्याला सुचणे शक्य नव्हते; त्याला तर ती अक्षरे दर्ऱ्याच्या कारागिराला इंग्रजी दिसायची तशीच दिसत होती.

ही बंदूक मार्टिनी नव्हेच. तिचे नाव गहेंद्र रायफल. वीर शमशेर हे १८८५ पासून १९०१ पर्यंत नेपाळचे राणा पंतप्रधान होते, त्यांचे चिरंजीव जनरल गहेंद्र शमशेर. यंत्रांचे मोठे वेडे गृहस्थ, नेपाळात त्यांना देशातला पहिला वैज्ञानिक म्हणतात. नेपाळी जवान इंग्रजांसाठी लढायला चालत होते, पण नेपाळच्या स्वतःच्या फौजेला नवी हत्यारे द्यायला इंग्रज सरकार खळखळ करायचे. मग गहेंद्र शमशेरांनी मार्टिनीच्याच वळणाची, पण आतून वेगळी रायफल काठमांडूच्या बाजूलाच बनवली. मार्टिनीच्या पोटात गुंडाळीची स्प्रिंग असते, हिच्या पोटात पट्टीची. प्रत्येक स्क्रू हाताने घडवलेला. एकीचा तुकडा दुसरीला बसेलच असे नाही, आणि म्हणूनच बहुधा तुकड्या-तुकड्यावर क्रमांक कोरलेला. काडतूस मात्र मार्टिनीचेच.

आता मूळ प्रश्न, परदादांची कोणती?

तारखा मांडल्यावर मलाच धक्का बसला. मैवंदची लढाई २७ जुलै १८८० ची. दुसरी बंदूक १८८७ ची, तिसरी १८९० ची, पहिली १९०८ची म्हणवणारी. एकही त्या लढाईत असणे शक्य नव्हते. ठीक आहे, म्हटले, दुसऱ्या प्रकारची, १८७७-७८ ची एखादी शोधू. तसे भाच्याला लिहायच्या आधी मैवंदबद्दल पुन्हा वाचायला घेतले. बी.ए.ला असताना दोन ओळींत संपलेली लढाई या वेळी चार दिवस पुरली.

जनरल बरोज यांच्या हाताखाली साधारण अडीच हजारांची ब्रिगेड. तिच्यात गोऱ्यांची पायदळ पलटण एकच, ६६ वी. बाकी दोन पायदळ पलटणी मुंबई फौजेच्या: पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी, जेकब्ज रायफल्स. त्या काळच्या मुंबई फौजेत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायली, परदेशी असे सगळे एकाच पलटणीत असायचे. समोर अयूब खानाच्या तीस तोफा, इकडे बारा. भर उन्हाळा, पाणी नाही, उघडे मैदान. तासन् तास जमिनीवर पडून तोफांचा मारा खायचा. ब्रिगेडचे साडेनऊशेच्या आसपास लोक मेले. एकट्या ग्रेनेडियर्सचे साडेतीनशेच्या वर.

आणि हत्यारे? ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री. ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स यांच्याकडे स्नायडर.

स्नायडर म्हणजे आधीच्या पिढीची बंदूक. १८५७ ला ज्या काडतुसांवरून भडका उडाला, त्या एन्फील्ड बंदुकीची मागची बाजू कापून, उजवीकडे उघडणारे एक झाकण बसवून १८६६ पासून ती वापरात आणली होती. बाहेर घोडा. गोळी उडाली की झाकण उघडून, पुंगळी मागे ओढून, बंदूक कलती करून ती खाली पाडायची. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना गोऱ्यांच्या एक पाऊल मागची हत्यारे देण्याचा रिवाज ठेवला. गोऱ्यांकडे स्नायडर तेव्हा हिंदी शिपायांकडे ठासणीची. गोऱ्यांकडे मार्टिनी तेव्हा हिंदी शिपायांकडे स्नायडर. गोऱ्यांकडे पेटीची रायफल आली तेव्हा कुठे मार्टिनी खाली उतरल्या. स्नायडरमुळे लढाई हरली असे मी म्हणत नाही. तोफा अडीचपट होत्या आणि पाणी नव्हते, तेवढे पुरेसे होते. पण एकाच रांगेत, एकाच उन्हात, एकाच शत्रूसमोर पडलेल्या दोन शिपायांच्या हातांत दोन वेगळ्या बंदुका होत्या, आणि कुणाच्या हातात कोणती हे त्यांच्या कातडीवरून ठरलेले होते.

तेव्हा आमच्या घरातली गोष्ट चुकीची होती. परदादांच्या हातात मार्टिनी नव्हती. त्यांनी ती पाहिली असेल, शेजारच्या पलटणीच्या हातात. पुढे कधी तरी सांगताना त्यांनीच ती आपल्या हातात घेतली, की नंतरच्या कुणी त्यांच्या हातात दिली, हे आता कळायचा मार्ग नाही. पदकही नीट पाहिले. त्या युद्धाच्या पदकाच्या फितीवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या मिळत: काबूल, अहमद खेल, कंदाहार. मैवंदची पट्टी नाहीच. हरलेल्या लढाईची पट्टी काढली नाही. आमच्या पदकावर एकही पट्टी नाही. त्यावरून ते त्या पलटणीबरोबर त्या युद्धात होते एवढेच नक्की कळते. ६६ व्या पलटणीच्या मृतांसाठी इंग्लंडात रेडिंग गावी बागेत एक प्रचंड सिंह उभा केला आहे, खाली नावे आहेत. ती नावे गोऱ्या पलटणीची.

भाच्याला हे कसे सांगावे याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी सगळे सांगितले. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे मामू, गोऱ्यांना नवी आणि आपल्याला उतरलेली?’ मी म्हणालो, हो. ‘मग अम्मीला काय सांगू?’ मी म्हणालो, आपांना मी सांगतो. सांगितले. आपा म्हणाली, दादी खोटे बोलणारी नव्हती. मी म्हणालो, दादी खोटे बोलली नाही, तिला सांगितले तेच तिने सांगितले. आपाने फोन ठेवून दिला. पुढच्या ईदला बोलली.

इथे थोडे थांबून एक सांगायला हवे. हे ऐकून कुणी आपल्या वाड्याच्या माळ्यावरची आजोबांची बंदूक काढून घासायला बसू नये. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा जुनाट हत्याराला त्यात सूट आहे, पण ते उडू शकेल की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. आधी पोलीस ठाणे किंवा जिल्हाधिकारी कचेरी, मग कौतुक. आमच्या गावी परदादांनी बंदूक आणून फणसाखाली पुरली अशीही एक दंतकथा होती. हवालदारसाहेब म्हणाले, ‘शक्य नाही. शिपाई पेन्शनवर जाताना हत्यार कोतात जमा करतो, पावती होते.’ कोत म्हणजे पलटणीचे शस्त्रागार. शिवाय १८७८ पासून परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हा हिंदी माणसाला गुन्हाच होता. फणस अजून आहे. खाली कुणी खणले नाही.

भाच्याने शेवटी तिसरी घेतली, गहेंद्र. तीच सगळ्यांत स्वस्त होती हे एक कारण. पण तो म्हणाला, ‘मामू, तिघींत हिच्यावरचं लिहिलेलंच मला स्वतःला वाचता आलं.’ घरी आणल्यावर तो सँडपेपर घेऊन लाकूड घासायला निघाला होता. मी इथून ओरडलो. जुन्या हत्याराची निम्मी किंमत लोक हौसेने पॉलिश करून घालवतात. काळपट पडलेला रंग घासला की तो परत येत नाही आणि लाकडावरचे उथळ ठसे तर पहिल्या हातातच जातात. नुसत्या तेलाच्या फडक्याने वर्षानुवर्षांची चरबी हळूहळू पुसायला सांगितली. तीन आठवडे तो रोज रात्री थोडे थोडे पुसत होता. मग दस्त्याच्या लाकडावर अक्षरे वर आली. त्याने फोटो पाठवला आणि विचारले, हा शिपाई कोण? लिहिले होते, ‘काली बहादुर’. माणसाचे नाव नव्हते ते. काली बहादुर ही नेपाळी फौजेची एक पलटण आहे. तिच्यातल्या कुणा शिपायाच्या खांद्याला हा दस्ता लागला असेल, त्याचे नाव कुठेच नाही.

भाच्याची मुलगी आठ वर्षांची आहे. दर रविवारी तिथल्या मराठी शाळेत जाते, कंटाळत जाते. तिने बापाशेजारी बसून डाव्या अंगावरचे आकडे बोट ठेवून वाचले, एक, नऊ, चार, सात, आणि मग विचारले की यातून सत्तावन्न का वजा करायचे. ते समजावून सांगायला मला व्हिडिओवर बोलावले होते. अर्धा तास गेला. शक, संवत, हिजरी, सगळे झाले. तिला हिजरी वर्ष लहान असते हे सगळ्यांत आवडले, कारण मग वाढदिवस लवकर येतो.

स्नायडरचा शोध चालू आहे. काय पाहायचे ते त्याला लिहून दिले आहे: घोड्याच्या पट्टीवर मुकुट आणि ‘व्ही. आर.’, एन्फील्ड, साल १८८० च्या आतले, आणि नशीब असेल तर बाणाखाली ‘आय’. गेल्या महिन्यात त्याने एक फोटो पाठवला होता. साल १८६९. बाण दिसतो, त्याखाली काही आहे, पण त्यावर मळ साचला आहे. विकणाऱ्याला तो पुसू नकोस, फक्त उजेडात धरून जवळून फोटो काढ, असे कळवले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.